पाहणीचा दिवस

फार पूर्वीची गोष्ट आहे, जमिनीवर कुंपणं कमी होती आणि पायवाटा जास्त होत्या तेव्हाची. नदीकाठच्या एका गावात एक वकील राहत होते. नाव केरोपंत. चोरीमारीचे किंवा भाऊबंदकीचे खटले ते घेत नसत. त्यांचं काम एकच. कुणाला गोदाम बांधायचं असो, वीटभट्टी घालायची असो की धर्मशाळा उभारायची असो, त्या जागेला दरबाराची परवानगी मिळवून द्यायची. पंचक्रोशीतले सगळे मोठे शेट, कंत्राटदार आणि व्यापाऱ्यांच्या मंडळ्या त्यांच्याच ओटीवर येऊन बसत, कारण केरोपंतांनी हातात घेतलेली जागा आजवर एकदाही नाकारली गेली नव्हती.

परवानगी मिळवायची म्हणजे काय करायचं, ते आधी सांगायला हवं. त्या राज्यात एक जुना कायदा होता: जिथे पाणी, तिथे पाया नाही. ओढा, तळं, दलदल, नदी पसरते ते रान, यांवर बांधकाम करायचं नाही. राजाच्या पणजोबांनी तो केला होता, कारण त्यांच्या डोळ्यांदेखत एक अख्खी पेठ पुरात वाहून गेली होती. कायदा चांगलाच होता. पण जागेवर पाणी आहे की नाही, यावरच भांडणं जुंपली. एक म्हणे, माझ्या आज्यानं इथे मगर पाहिली. दुसरा म्हणे, माझा आजा इथेच बाज टाकून झोपायचा. दोन्ही आजे स्वर्गवासी, तेव्हा विचारणार कुणाला? खटले वर्षानुवर्षं रेंगाळत. शेवटी पुढच्या एका राजाने वैतागून नियम काढला. दरबाराचा पाहणीदार जागेवर जाईल आणि पाहणीच्या दिवशी डोळ्यांना जे दिसेल तेच धरलं जाईल. ऐकीव काही चालणार नाही.

रयतेवर अन्याय नको म्हणून त्याच राजाने लोकांना एक हक्कही दिला. पाहणीच्या वेळी हजर असलेला कुणीही माणूस, मग तो गुराखी असो की सावकार, एका गोष्टीकडे बोट दाखवू शके. त्याने बोट दाखवलं की पाहणीदाराला ती गोष्ट पाहावीच लागे. लोक याला बोटाचा हक्क म्हणत.

केरोपंत कधी खोटं बोलले नाहीत. हे मी त्यांची बाजू घेऊन सांगत नाही, खरंच तसं होतं. पाहणीदाराला त्यांनी पानसुपारीपलीकडे काही दिलं नाही. त्यांची सगळी करामत एकाच गोष्टीत होती. पाहणीचा दिवस मागायची मुभा अर्जदाराला असे, आणि पंत दर वेळी वैशाखातला दिवस मागत. वैशाखात ओढ्यांची वाळवंटं होतात, दलदलीला भेगा पडतात आणि तळ्याच्या पोटात पोरं विटीदांडू खेळतात. शिवाय तो दिवस नेमका आठवडी बाजाराचा असे. सगळा गाव बाजाराला गेलेला, मग बोट दाखवायला उरणार कोण? पाहणीदार यायचा, टाच आपटून बघायचा, जमीन ठणठणीत लागायची, आणि निकाल तिथल्या तिथे सांगून तो घोड्यावर बसायचा.

पंतांची बायको कधीतरी जेवण वाढताना म्हणे की, हे तुम्ही बरं करता का? पंत हसून म्हणत, दिवस तर पंचांगाने दिलेले आहेत, मी त्यातला एक उचलतो इतकंच. ती बिचारी भात वाढून आत जाई.

आता यातली मेख बघा. कुठली जमीन कधी कोरडी दिसते हे सांगायचं तर ती कधी ओली असते हे आधी ठाऊक लागतं. पंतांना ते पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी त्यांनी कितीतरी पावसाळे नदीकाठ तुडवला होता. कुठलं पाणी कुठवर चढतं, कुठे वळसा घेतं, कुठे मुक्कामाला थांबतं, हे त्यांच्याइतकं त्या राज्यात कुणालाच माहीत नव्हतं. पण हे त्यांना कुणी विचारत नसे आणि आपण होऊन ते सांगत नसत. शेटलोकांना ते नकोच असे. त्यांना परवानगी हवी असे. ती मिळाली की जागेचा भाव चढे, शेट ती विकून मोकळा होई आणि पंत पुढच्या कामाला लागत.

एका वर्षी फाल्गुनात त्यांच्या ओटीवर वेगळीच माणसं आली. तेलाचे घाणे चालवणारी काही कुटुंबं होती. राजधानीचा रस्ता रुंद करायचा म्हणून त्यांची जुनी आळी पाडायची ठरली होती आणि दसऱ्याच्या आत तिथून उठायचा हुकूम होता. सगळ्यांनी मिळून एक मंडळी केली होती. नदीच्या वळणावरचा सपाट पट्टा त्यांनी हेरला होता. तिथे मधोमध मोठी घाणेशाळा बांधायची आणि भोवती आपली घरं, असा त्यांचा बेत होता. मंडळीची पुढारी होती ठकूबाई. वयाने साठीच्या पुढची, अंगाने किरकोळ, पण सगळे गडी तिच्या तोंडाकडे बघून बोलत.

वळणावरचा पट्टा म्हणताच पंतांना तो आषाढातला दिसला. पण तोंडातून मात्र सवयीचं वाक्य बाहेर पडलं. वैशाखात बाजाराच्या दिवशी पाहणी लावून घेऊ, काळजी करू नका. ठकूबाईने दोन्ही हात जोडले. बाकीच्यांचे चेहरे असे काही उजळले की पंतांना पुढे काही बोलवलं नाही. त्यांनी मनाशी म्हटलं, परवानगी मागायला आलेत, परवानगी देऊ, बाकीचं त्यांचं त्यांनी बघावं. हे ते शेटलोकांच्या बाबतीतही म्हणत. या वेळी मात्र ते म्हणायला जरा वेळ लागला.

पाहणीचा दिवस उजाडला. पंत नेहमीप्रमाणे धुतलेलं धोतर, डोक्यावर पगडी आणि खांद्यावर वकिलीचं जरीकाठी उपरणं अशा थाटात वळणावर पोचले, आणि जागच्या जागी थबकले. एरवी अशा वेळी तिथे शेट आणि त्याचा दिवाणजी एवढेच असत. आज अख्खी मंडळी आली होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट. गड्यांनी पहारी आणि कुदळी आणल्या होत्या, निकाल लागला की लगेच पायाची पहिली कुदळ मारायला. बायकांनी चुन्याच्या रेघा ओढून कुणाचं घर कुठे ते आखून ठेवलं होतं. एक बाळंतीण तर आपल्या रेघांच्या आत, जिथे तिचं माजघर होणार होतं, तिथे सावलीला कापड बांधून पोराला निजवून बसली होती.

ठकूबाई पुढे आली. पहिली कुदळ पंतांनीच मारावी अशी सगळ्यांची इच्छा असल्याचं तिने सांगितलं. पंत म्हणाले, परवानगी दरबाराची, माझा काय संबंध, मी फक्त मागणारा.

"दरबाराला आमी कुठं वळखतो, पंत?" ठकूबाई म्हणाली. "आमी तुमास्नी वळखतो. ज्या जागंला तुमी हात लावता ती जागा चांगली आसती, हे समद्यांस्नी ठावं हाय. तुमी व्हय म्हनलात, म्हनूनशान लेकरंबाळं घिऊन आलो."

शेटलोक येत ते सगळं समजून उमजून येत. जागा कशी आहे हे त्यांना ठाऊक असे आणि त्यांना तिथे राहायचंही नसे. या माणसांनी मात्र परवानगी आणि जागा यांत फरकच केला नव्हता. पंत जिंकतात म्हणजे ते चांगल्याच जागा घेतात, असा त्यांचा सरळ हिशोब. इतकी वर्षं लोक आपल्याबद्दल असं समजत आहेत हे पंतांना आज पहिल्यांदा कळलं. एखाद्याने शिवी दिली असती तर त्यांनी ती झेलली असती, पण हा विश्वास त्यांना झेलवेना.

तेवढ्यात पाहणीदार आला. रिवाजाप्रमाणे त्याने टाच आपटून पाहिली. धूळ उडाली. मग त्याने विचारलं, "अर्जदाराचे वकील, इथे काय दिसतं?"

"कोरडी जमीन दिसते," पंत म्हणाले. उत्तर खरं होतं.

"कुणाला बोट दाखवायचंय?"

कुणीच पुढे आलं नाही. येणार तरी कोण? सगळा गाव बाजारात भाजीपाला घेत होता, आणि तशी तजवीज पंतांनीच करून ठेवली होती. पाहणीदाराने रिवाजाप्रमाणे दुसऱ्यांदा विचारलं. पंत त्या बाळंतिणीच्या रेघांकडे बघत होते. आषाढात तिथे पाणी कुठवर येईल हे त्यांना बोटाच्या पेरांनी मोजून सांगता आलं असतं.

पाहणीदाराने निकालासाठी तोंड उघडलं आणि पंतांनी हात वर केला.

पाहणीदार गोंधळला. म्हणाला, अर्जदाराच्या वकिलाला बोटाचा हक्क नाही, तो रयतेचा आहे. पंतांनी खांद्यावरचं उपरणं उतरवलं, नीट घडी केली आणि ठकूबाईच्या हातात दिलं.

"आता मी वकील नाही," ते म्हणाले. "रयत आहे."

मंडळीतले काही जण हसले. त्यांना वाटलं, हाही जिंकण्याचाच काही डाव असेल. पंतांनी बोट दाखवलं ते सरळ खाली, आपल्या पायांमधल्या जमिनीकडे. पाहणीदार म्हणाला, जमीन मी पाहिली. पंत म्हणाले, वरून पाहिलीत, मी खालची दाखवतोय, हातभर उकरून बघा. असं आजवर कुणी मागितलं नव्हतं. पाहणीदाराने डोकं खाजवलं, मनातल्या मनात सगळे नियम आठवले आणि कबूल केलं की दिसेल ते धरायचं असं नियमात आहे, उकरून पाहू नये असं कुठेही नाही.

पण उकरणार कोण? कुदळी मंडळीच्या होत्या आणि आता कुणी हसत नव्हतं. गडी कुदळीचे दांडे घट्ट धरून उभे राहिले. आपला वकील आपल्यावरच उलटला एवढं त्यांना कळलं होतं, का ते कळलं नव्हतं. एकाने तर पंतांना शेटलोकांनी फितवलं असणार असं उघड बोलूनही दाखवलं. ठकूबाईने मात्र हातातल्या उपरण्याकडे आणि मग पंतांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, "खणा रं."

दोघा गड्यांनी खणायला घेतलं. वीतभर खाली भुसभुशीत माती लागली. त्याखाली काळीभोर, चिकट, हाताला गार लागणारी. तिच्यात लव्हाळ्याच्या मुळ्या आणि गोगलगाईंचे पांढरे शंख निघाले. आणखी खाली कुदळ चुकवत, फुगून बसलेला एक बेडूक बाहेर आला. पावसाळ्याची वाट बघत तो तिथे झोपला होता. त्याने डोळे किलकिले केले, एकदा पाहणीदाराकडे पाहिलं आणि पुन्हा मातीत शिरायचा प्रयत्न करू लागला. कुणी काही बोलायच्या आत खड्ड्याच्या तळाशी पाझर फुटला. पाणी हळूहळू, अगदी सावकाश वर येत गेलं आणि वैशाखाच्या उन्हात त्या खड्ड्यात आभाळ दिसू लागलं.

"पाणी दिसतं," पाहणीदार म्हणाला. जिथे पाणी तिथे पाया नाही. अर्ज नामंजूर झाला.

आता तुम्हाला वाटेल की ठकूबाईने पंतांचे पाय धरले असतील. तसलं काही झालं नाही. माणसांचं घर हातचं गेलं होतं आणि दसरा जवळ येत होता. बायका रडल्या. गड्यांनी पंतांना नको नको ते ऐकवलं आणि पंतांनी ते मान खाली घालून ऐकून घेतलं. सगळे कुदळी खांद्यावर टाकून परतू लागले तेव्हा ठकूबाई मागे थांबली.

"आज जे दावलंत ते तुमास्नी फाल्गुनातच ठावं हुतं न्हवं?" तिने विचारलं.

पंत हो म्हणाले.

"मग तवाच सांगायचं. आमी दुसरी जागा बघितली असती. तुमच्या वटीवर आमी काय फकस्त परवानगी मागाया आलो हुतो व्हय?"

तिने उपरणं त्यांच्या हातात परत दिलं आणि ती चालू लागली. पंत उन्हात तसेच उभे राहिले. आपण आज फार मोठं काहीतरी केलं अशी जी थोडीफार भावना त्यांच्या मनात आली होती ती गळून पडली. त्यांना लाज वाटली, आणि वाटली ते योग्यच झालं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे भात वाढला, पण या वेळी आत गेली नाही, समोर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पंत आपण होऊन घाणेवाल्यांच्या आळीत गेले. आजवर अशील त्यांच्या ओटीवर येत, ते कुणाच्या दारात जात नसत. आळीत कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. ते उभ्या उभ्याच म्हणाले की, परवानगीचं नंतर बघू, आधी जागा शोधू, आणि ज्या जागेत मी स्वतः राहणार नाही ती तुम्हाला दाखवणार नाही. ठकूबाईने थोडा विचार केला आणि घडवंचीवर फडकं मारून त्यांना बसायला जागा केली.

मग वैशाख-ज्येष्ठ त्यांनी पायपीट केली. सपाट आणि स्वस्त जागा पंत पाहताक्षणी बाद करत, कारण त्या का स्वस्त आहेत हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी गावाच्या उत्तरेला एक खडकाळ माळ त्यांना पटला. तो कुणालाच नको होता. तिथे पाया खणायचा म्हणजे हाताला फोड आले असते, बैलगाडी चढवायला वळणाचा रस्ता करावा लागला असता आणि प्यायचं पाणी खालून आणावं लागलं असतं. पंतांनी या तिन्ही अडचणी पहिल्याच दिवशी, काही न लपवता, सगळ्या मंडळीला बसवून सांगितल्या. काही जण कुरकुरले. ठकूबाई म्हणाली, कष्टाचं आपण बघून घेऊ, आपल्याला कळलं ते बरं झालं.

अर्ज गेला. पाहणीदाराने तो वाचला आणि पंतांना बोलावून घेतलं, कारण त्याला वाटलं लिहिताना काही चूक झाली असावी. अर्जात पाहणीचा दिवस मागितला होता भाद्रपदातला, ऐन पावसाचा, आणि तोही बाजाराचा दिवस सोडून. शिवाय गावात दवंडी पिटावी अशी विनंती होती. तुमच्या विरुद्ध बोट दाखवायला तुम्हीच लोक गोळा करताय, असं पाहणीदार म्हणाला. पंत म्हणाले, दाखवू देत, आत्ता दाखवतील तर आत्ता सुधारता येईल.

भाद्रपदात तो दिवस आला. पाऊस असा कोसळत होता की समोरचा माणूस धूसर दिसावा. डोक्यावर इरली आणि घोंगड्यांच्या खोळी घेऊन निम्मं गाव माळावर जमलं. पाहणीदाराने रिवाजाप्रमाणे टाच आपटली, खडक वाजला. पाणी उताराने दोन्ही अंगांनी वाहून जात होतं, पायाखाली थांबत नव्हतं. मग त्याने बोट दाखवायला कुणी आहे का विचारलं, आणि आपल्याला इतकी बोटं बघायला लागतील असं त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल.

एका धनगराने माळाच्या कडेने जाणाऱ्या वाटेकडे बोट दाखवलं. घाणेशाळेची भिंत त्या जागी आली तर मेंढरं जाणार कुठून, असा त्याचा प्रश्न होता. खालच्या वाडीच्या एका बाईने उताराला असलेल्या झऱ्याकडे बोट दाखवलं. घाणे धुतलेलं तेलकट पाणी त्यात उतरलं तर आम्ही काय प्यायचं, असं ती म्हणाली. एरवी पंतांनी दोघांनाही शब्दांत गुंडाळून कधीच घरी पाठवलं असतं. तो हातखंडाच होता त्यांचा. आज ते ठकूबाईकडे वळले, तिच्याशी आणि मंडळीशी पावसातच बोलले. थोडं भांडणही झालं. अखेर भिंत आत घ्यायची आणि घाण्यांचं पाणी दुसऱ्या अंगाने खड्डा करून जिरवायचं असं ठरलं. पाहणीदाराने या दोन अटी घालून परवानगी दिली. दसऱ्याच्या आत निदान निवाऱ्यापुरत्या झोपड्या उभ्या राहतील एवढा वेळ अजून हातात होता. घाणेशाळा ठरल्यापेक्षा लहान झाली. पण धनगर जाताना म्हणाला की पाया खणायला त्याचे दोन भाऊ येतील, आणि वाडीच्या बाईने प्यायचं पाणी वर चढवायची सोपी वाट दाखवायचं कबूल केलं.

लोक पांगले. पंत आणि ठकूबाई उतरून नदीच्या बाजूने परत निघाले. वळणाशी आल्यावर दोघांचेही पाय आपोआप थांबले. पट्टा कुठेच दिसत नव्हता. नदी तिथे सगळीकडे पसरली होती, सावकाश, घरी आल्यासारखी. पाण्यावर बदकं बसली होती आणि काठचे लव्हाळे शेंड्यापर्यंत बुडाले होते.

"हितं आमची लेकरं निजली आसती," ठकूबाई म्हणाली.

पंतांनी मान हलवली. पाऊस दोघांच्या इरल्यांवर वाजत राहिला. त्या पाण्याकडे बघत ठकूबाईने सहज, काही टोचून बोलायचं मनात नसताना, विचारलं.

"पंत, तुमी या आधी जिकल्याल्या जागा... तितं कोन ऱ्हातं?"

शेटांची नावं त्यांना पाठ होती. कुठल्या वैशाखात कुठली पाहणी झाली तेही आठवत होतं. पण शेटांकडून त्या जागा कुणी घेतल्या, कुणी तिथे चुली मांडल्या, त्यातला एकही माणूस त्यांना माहीत नव्हता.

"ठाऊक नाही," ते म्हणाले.

"कदी इचारलं न्हाई?"

"नाही."

ठकूबाईने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आणि पंतांना राग परवडला असता. ती म्हणाली, "मग आता इचारा की. पाऊस अजून हाय."

ती आपल्या आळीच्या वाटेला लागली. घरी पंतांच्या बायकोने चुलीवर पाणी तापत ठेवलं असेल, कोरडं धोतर काढून ठेवलं असेल, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डोक्यावरचं इरलं सारखं केलं, धोतराचा काचा मारला, आणि घराकडे न वळता, वकिली सुरू केल्यावर सगळ्यात आधी जिंकलेली जागा ज्या दिशेला होती, तिकडे गुडघाभर पाण्यातून चालू लागले.

तात्पर्य म्हणाल तर हे: जो विश्वासाने सल्ला मागायला येतो, त्याला डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगून भागत नाही; आपल्याला ठाऊक आहे ते सगळं सांगावं लागतं, आणि तेही त्याने पाया घालण्याआधी.